सोलापुरातल्या डाइंगचा बॉयलर कसा चालवावा: पाणी, आग आणि पाळीची कामं

अक्कलकोट रोड एमआयडीसी असो की चिंचोली, चादर-टॉवेल आणि सुताच्या डाइंगला (रंगाईच्या कारखान्याला) वाफ देणारा बॉयलर साधारण एका साच्यातला असतो. तासाला एक ते पाच टन वाफ देणारा, लाकूड किंवा ब्रिकेटवर (भुसा-चोथा दाबून केलेल्या कांड्यांवर) चालणारा, कामाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १०.५ किलोच्या आसपास. धूर नळ्यांच्या आतून जातो, पाणी नळ्यांच्या बाहेर असतं आणि धुराच्या तीन फेऱ्या होतात. हा लेख अशा बॉयलरवर पाळी करणाऱ्यांसाठी आहे. साखर कारखान्यातला बगॅसवरचा (उसाच्या चोथ्यावरचा) वॉटर ट्यूब, म्हणजे नळ्यांच्या आत पाणी असलेला, बॉयलर हे वेगळं प्रकरण आहे. तिथला दाब, तिथलं पाणी आणि तिथली माणसांची रचना इथे लागू होत नाही.

नवीन माणूस बॉयलरवर आला की त्याला आधी भट्टीत लाकूड टाकायला शिकवतात. सोलापुरात हा क्रम उलटा हवा. इथे बॉयलर खराब होतो तो बहुतेक वेळा पाण्याच्या बाजूने. दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड असतं, उन्हाळ्यात बोअर खाली गेलं की आणखी जड होतं, आणि टंचाईत टँकर आला की दर खेपेला पाणी बदलतं. म्हणून इथेही आधी पाणी घेतलं आहे, आग नंतर.

परवाना आणि जबाबदारी

बॉयलरला बाष्पके संचालनालयाचं प्रमाणपत्र लागतं आणि चालवणाऱ्यालाही लागतं. सेकंड क्लास अटेंडंट, फर्स्ट क्लास अटेंडंट आणि त्यावर बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर अशा पायऱ्या आहेत. कोणत्या बॉयलरवर कोण लागतो ते हीटिंग सरफेसवर, म्हणजे आगीने तापणाऱ्या पृष्ठभागाच्या क्षेत्रावर ठरतं. १९२३ चा जुना कायदा जाऊन आता बॉयलर कायदा, २०२५ लागू आहे. अपघात झाला तर २४ तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. हेल्पर म्हणून काम करत असाल तर पहिल्या दिवसापासून अनुभवाचे कागद नीट ठेवा. परीक्षेला बसताना अनुभवाचा दाखला लागतो, आणि कारखाना सोडून दोन-तीन वर्षं झाली की तो मिळवायला फार फिरावं लागतं.

प्रमाणपत्रधारक माणूस जेवायला गेला आणि बॉयलर हेल्परच्या भरवशावर राहिला, हे चालत नाही. लाकडाची आग बटण दाबून विझत नाही, त्यामुळे पाच मिनिटांची गैरहजेरीही इथे मोठी आहे.

पाळी हातात घेताना

आधीच्या पाळीचा माणूस जाण्याआधी त्याच्यासमोरच गेज ग्लास (बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणारी काच) मारून, म्हणजे त्यातून वाफ-पाणी सोडून बघा. "पाणी अर्ध्यावर आहे" हे तोंडी ऐकून पाळी घेऊ नका. ग्लासला तीन कॉक असतात: वरचा वाफेचा, खालचा पाण्याचा आणि तळाचा ड्रेनचा. क्रम असा:

१. ड्रेन उघडा. वाफ आणि पाणी दोन्ही जोरात बाहेर आलं पाहिजे.
२. पाण्याचा कॉक बंद करा. आता फक्त वाफ यायला हवी. आली तर वाफेची वाट मोकळी.
३. पाण्याचा कॉक उघडा, वाफेचा बंद करा. आता पाणी यायला हवं. आलं तर पाण्याची वाट मोकळी.
४. वाफेचा कॉक उघडा आणि ड्रेन बंद करा. पाणी झटक्यात आपल्या पातळीला परत आलं पाहिजे.

चौथ्या पायरीवर नीट लक्ष द्या. पाणी रेंगाळत वर चढत असेल तर खालची वाट खाराने किंवा गाळाने अर्धी बंद झाली आहे. खालची वाट पूर्ण बंद असेल तर आणखी फसगत होते: वरून येणारी वाफ काचेत थंड होऊन तिचंच पाणी साठतं आणि ग्लास हळूहळू भरलेला दिसतो, आत मात्र पाणी उतरत असतं. म्हणून दोन्ही ग्लास मारायचे आणि दोन्हींची पातळी जुळते का ते बघायचं. पाळीत किमान दोनदा.

काठोकाठ भरलेला आणि पूर्ण रिकामा ग्लास लांबून सारखाच दिसतो. काचेच्या मागे पट्टीवर तिरक्या काळ्या रेघा असतील तर भरलेल्या भागात त्या उलट्या दिशेला झुकलेल्या दिसतात, रिकाम्या भागात आहेत तशाच दिसतात. रेघा नसतील तर पत्र्याच्या तुकड्यावर रंगवून मागे लावा. खर्च काहीच नाही, पण रात्रपाळीत याचा फार आधार होतो.

ग्लासनंतर मोब्री, म्हणजे फ्लोटवर चालणारा पातळीचा स्विच. पातळी उतरली की पंप चालू करणारी एक आणि पातळी फारच खाली गेली की घंटा वाजवून पंखे बंद करणारी दुसरी. दोन्हींचे चेंबर ड्रेन करून बघा. ड्रेन करताना पंप चालू झाला पाहिजे, घंटा वाजली पाहिजे आणि आयडी-एफडी फॅन (धूर ओढणारा आणि हवा ढकलणारा पंखा) बंद पडले पाहिजेत. चेंबरमध्ये गाळ बसला की फ्लोट अडकतो, आणि मग ग्लासकडे कुणाचं लक्ष नसेल तर बॉयलर कोरडा होताना घंटाही वाजत नाही. घंटेचा त्रास होतो म्हणून तिची वायर काढून ठेवलेली दिसली तर ती जोडल्याशिवाय पाळी घेऊ नका.

मग फीड टाकीची (बॉयलरला जाणाऱ्या पाण्याच्या टाकीची) पातळी, दोन्ही फीड पंप, सॉफ्टनरच्या (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राच्या) मीटरचं वाचन, प्रेशर गेज, सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो का, आणि लाकडाचा साठा. ही पाहणी दहा मिनिटांत होते.

पाणी

तीन आकडे रोज माहीत हवेत: फीडच्या पाण्याचा जडपणा, बॉयलरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) आणि त्याचा पीएच (आम्ल-अल्कली किती ते सांगणारा आकडा). फीडचा जडपणा ५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५ भाग) आत. बॉयलरमधला टीडीएस ३,५०० पीपीएमच्या आत. पीएच ११ ते १२.

जडपणा तपासायला किटमधल्या बाटल्या पुरतात. बफर टाका, इंडिकेटर टाका. पाणी निळं झालं तर मऊ आहे, गुलाबी-लालसर राहिलं तर सॉफ्टनर जडपणा धरत नाही. हे दिवसातून एकदा करून भागत नाही. का, ते हिशोबाने बघू.

दोन टनांचा बॉयलर आहे आणि सरासरी ७० टक्के लोडवर चालतो, म्हणजे तासाला १,४०० लिटर पाण्याची वाफ होते. बोअरच्या पाण्याचा जडपणा ४०० पीपीएम आणि टीडीएस ८०० धरू. सॉफ्टनरने जडपणा जातो, पण टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. कॅल्शिअम-मॅग्नेशिअमच्या जागी सोडिअम येतं, क्षार कमी होत नाहीत. इथे अनेक जण चुकतात आणि "सॉफ्टनर आहे, ब्लोडाऊन कशाला" म्हणतात. ब्लोडाऊन म्हणजे क्षार साठलेलं बॉयलरचं थोडं पाणी बाहेर सोडणं.

टीडीएस ३,५०० वर ठेवायचा तर ब्लोडाऊन किती? फीडचा टीडीएस भागिले (बॉयलरची मर्यादा वजा फीडचा टीडीएस): ८०० भागिले २,७००, म्हणजे वाफेच्या जवळपास ३० टक्के. तासाला ४१५ लिटर उकळतं पाणी गटारात. एकूण फीड झालं १,८१५ लिटर. या ब्लोडाऊनबरोबर तासाला साधारण ६५ हजार किलोकॅलरी उष्णता जाते, म्हणजे २५ ते ३० किलो वाळलं लाकूड.

आता सॉफ्टनर. त्यात १०० लिटर रेझिन (जडपणा धरून ठेवणारे बारीक दाणे) असेल आणि एका लिटरमागे ५० ग्रॅम जडपणा धरण्याची क्षमता असेल, तर एका रिजनरेशनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्याने रेझिन एकदा ताजं केलं की, ५,००० ग्रॅम जडपणा निघतो. ४०० पीपीएमच्या पाण्याला हे १२,५०० लिटरला पुरतं. तासाला १,८१५ लिटर लागत असतील तर सात तासही नाही. दिवसात १६ तास बॉयलर चालतो आणि रिजनरेशन सकाळी एकदाच होतं अशा ठिकाणी उरलेले नऊ तास जड पाणीच आत जातं. रोज साडेसहा किलो खाराचं साहित्य. त्यातलं काही गाळ होऊन ब्लोडाऊनने जातं, उरलेलं नळ्यांवर आणि फर्नेसच्या (भट्टीच्या) पाठीवर बसतं. सकाळी रिजनरेशननंतर घेतलेली टेस्ट मात्र रोज निळी येते, म्हणून कुणाला कळत नाही.

तेव्हा रिजनरेशन घड्याळावर नको, पाण्याच्या मीटरवर हवं. १२,५०० लिटरची क्षमता असेल तर ११,००० ला थांबा. बोअरऐवजी टँकर आला किंवा उजनीचं पाणी मिळालं तर त्या पाण्याचा जडपणा मोजून आकडा नव्याने काढा.

रिजनरेशन असं करा. दहा मिनिटं बॅकवॉश, म्हणजे खालून वर पाणी सोडून रेझिन सैल करा आणि गाळ काढा. मग १०० लिटर रेझिनला १५ किलो स्वच्छ मीठ १३५ लिटर पाण्यात विरघळवा, म्हणजे १० टक्क्यांचं द्रावण होतं. ते अर्ध्या तासात हळू सोडा. पाच मिनिटांत ओतलं तर मीठ वाया जातं आणि रेझिन अर्धंच ताजं होतं. त्यानंतर आधी सावकाश आणि मग जोरात धुऊन काढा, टेस्ट निळी येईपर्यंत आणि पाण्याची खारट चव जाईपर्यंत. नीट न धुता टाकीकडे पाणी वळवलं तर मीठ बॉयलरमध्ये जातं, टीडीएस एकदम चढतो आणि पाणी फेसाळतं. स्वस्तातलं मातकट मीठ आणू नका, त्याने रेझिनच्या तळाशी चिखल बसतो. मिठाचं निघालेलं पाणी ईटीपीकडे (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेकडे) जाऊ द्या, नाल्यात नको.

या सगळ्यावर सर्वात चांगला उपाय आहे कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी, परत आणणं. ड्राइंग सिलिंडर, स्टेंटर (कापड ताणून वाळवणारं मशीन), एचटीएचपी (जास्त तापमान-दाबावर रंगवणाऱ्या) मशिनच्या कॉइल इथून निघणारं गरम पाणी म्हणजे तयार शुद्ध पाणी. वरच्याच उदाहरणात वाफेचा अर्धा भाग कंडेन्सेट होऊन परत आला तर ब्लोडाऊन ४१५ वरून २०७ लिटरवर येतो, बोअरचं पाणी १,८१५ ऐवजी ९०७ लागतं आणि तोच सॉफ्टनर जवळपास चौदा तास चालतो. हँक डाइंगच्या (सुताच्या लड्या रंगवण्याच्या) टबात वाफ थेट पाण्यात सोडतात, तिथलं परत येत नाही. जे येतं त्याचा रंग रोज बाटलीत बघा. पाणी लाल किंवा निळं दिसलं तर एखादी कॉइल फुटून रंग मिसळतोय. ती लाइन लगेच बाहेर वळवा आणि डाइंगवाल्यांना कळवा.

फीड टाकी ८५ अंशांच्या वर ठेवा. ३० अंशांच्या पाण्यात लिटरला सात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो, तो नळ्यांना खड्डे पाडतो. पाणी तापवलं की बराच निघून जातो आणि सल्फाइटचा (ऑक्सिजन शोषणाऱ्या रसायनाचा) डोस कमी लागतो. शिवाय फीड सहा अंशांनी वाढलं की इंधन सुमारे एक टक्का वाचतं. फक्त टाकी पंपापेक्षा पुरेशी उंच हवी, तीन मीटर तरी. जमिनीवरच्या टाकीत ९० अंशांचं पाणी ठेवलं तर पंपाच्या तोंडाशी त्याची वाफ होते, पंप खडखडतो आणि पाणी ढकलत नाही.

ब्लोडाऊन मारताना दोन व्हॉल्व्ह असतात. बॉयलरजवळचा आधी पूर्ण उघडा, मग बाहेरचा हळूहळू. बंद करताना आधी बाहेरचा. म्हणजे झीज बाहेरच्याला होते आणि तो बॉयलर चालू असतानाही दुरुस्त करता येतो. लोड कमी असताना, ग्लासवर पातळी थोडी वर घेऊन, दहा-पंधरा सेकंदांचा एक असे छोटे ब्लोडाऊन जास्त वेळा मारा. गाळ पहिल्या काही सेकंदांतच निघतो, पुढे नुसतं गरम पाणी जातं. व्हॉल्व्ह उघडा असताना हात सोडून कुठेही जायचं नाही, आणि ग्लास दिसत नसेल तर दुसरा माणूस ग्लाससमोर उभा करा. टीडीएसचं सॅम्पल कूलरमधून घ्या. कूलर नसेल तर बादलीत येता येता पाण्याची वाफ होते आणि आकडा खोटा जास्त येतो.

थंड बॉयलर पेटवताना

ग्लासमध्ये पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा थोडं खाली ठेवा, तापल्यावर ते फुगतं. वरचा एअर कॉक उघडा, मेन स्टॉप व्हॉल्व्ह (वाफ लाइनमध्ये सोडणारा मुख्य व्हॉल्व्ह) बंद. आयडी फॅन पाच मिनिटं चालवून भट्टीतला साठलेला वायू बाहेर काढा, मगच विस्तव. रात्रीच्या निखाऱ्यावर डिझेल किंवा रॉकेल ओतू नका. गरम निखाऱ्यावर त्याची वाफ होऊन भडका दारातून बाहेर येतो, तोंड-हात भाजण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

आग लहान ठेवा. पूर्ण थंड बॉयलर दाबावर आणायला तीन-चार तास द्या. घाई केली की फर्नेस आणि नळ्या तापून वाढतात, शेल, म्हणजे बाहेरचं आवरण, मात्र थंडच असतं, आणि ताण नळ्यांच्या टोकांवर येतो. वर्षात चार-पाचदा अशी घाई झाली की नळी ट्यूब प्लेटमध्ये (नळ्यांची टोकं बसवलेल्या जाड पत्र्यात) ढिली होऊन पाझरू लागते. एअर कॉकमधून सलग वाफ येऊ लागली की तो बंद करा. तीन-चार किलो दाबावर ग्लास मारा. दाब कामाच्या तीन चतुर्थांशाच्या वर गेला की दोन्ही सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने उचलून बघा: उघडले पाहिजेत आणि सोडल्यावर घट्ट बसले पाहिजेत. गळणाऱ्या व्हॉल्व्हवर वजन टांगणं, स्प्रिंग आवळणं, तार बांधणं, यातलं काहीही कुणाच्याही सांगण्यावरून करू नका.

मेन स्टॉप उघडण्याआधी हेडर (वाफ वाटणारा मुख्य पाइप) आणि लाइनचे ड्रेन उघडे ठेवा. व्हॉल्व्ह आधी नुसता चिरीइतका उघडा. थंड लाइनमध्ये पाणी साठलेलं असतं. वाफ जोरात सोडली तर ते पाणी वेगाने पुढे जाऊन बेंडवर आपटतं, हातोडा मारल्यासारखा आवाज येतो, आणि गॅस्केट उडतं किंवा ओतीव व्हॉल्व्ह फुटतो. ड्रेनमधून कोरडी वाफ येईपर्यंत वाट बघा. लाइन लांब असेल तर यात वीस मिनिटं जातात, जाऊ द्या.

आग

इथे वेडी बाभूळ मुबलक, हंगामात बगॅसच्या ब्रिकेट. काहीही असो, ओलावा बघा. वाळल्या लाकडाच्या एका किलोत तीन ते साडेतीन किलो वाफ निघते. हिरव्या लाकडात अर्धं वजन पाण्याचं असतं, ते उडवण्यात उष्णता जाते आणि वर चिमणीतून पांढरा-करडा धूर. जूनच्या आधी दोन-तीन महिन्यांचा साठा पत्र्याखाली घ्या.

थोडं थोडं आणि वारंवार टाका, जाळीवर सगळीकडे सारखं पसरून. एकदम भट्टी भरली की आधी दाब पडतो, धूर होतो, आणि अर्ध्या तासाने दाब इतका चढतो की सेफ्टी उडते. जाळीवर कुठे मोकळी जागा राहिली की तिथून थंड हवा घुसते. दार उघडं ठेवू नका. भट्टीत थोडा ओढा हवा, पाण्याच्या २ ते ५ मिलिमीटरइतका. दारातून ज्वाळा बाहेर येत असतील तर ओढा कमी आहे. चिमणीतून काळा धूर म्हणजे हवा कमी. धूर अजिबात नाही आणि चिमणीचं तापमान मात्र चढलेलं, तर हवा जास्त सोडताय.

चिमणीचा थर्मामीटर हा बॉयलरवरचा सर्वात बोलका मीटर आहे, पण तो बंद पडलेला असतो तेव्हा कुणी दुरुस्त करत नाही. नळ्या ब्रशने साफ केल्यावर पूर्ण लोडला जो आकडा येतो तो भिंतीवर खडूने लिहून ठेवा. समजा २०० आला. तो २२० ते २२५ झाला की इंधनाचा एक टक्का वाया जायला लागला, नळ्या साफ करायची वेळ झाली. लाकडावर हे साधारण आठवड्याला येतं. आता महत्त्वाचं: नळ्या साफ करूनही आकडा २०० वर येत नसेल, २१५ ला अडकत असेल, तर दोष काजळीचा नाही. पाण्याच्या बाजूने खार धरला आहे. बॉयलर न उघडता सॉफ्टनरची चूक पकडायचा याहून सोपा मार्ग नाही.

लोड

डाइंगमध्ये वाफ एकसारखी लागत नाही. दोन एचटीएचपी एकाच वेळी १३० अंशांवर न्यायला लावली की दाब दहावरून सहावर येतो. दाब एकदम पडला की पाणी फुगतं, ग्लासमध्ये पातळी चढलेली दिसते, आणि पाण्याचे थेंब वाफेबरोबर लाइनमध्ये जातात. पंप पातळी बघून थांबतो, पाच मिनिटांनी फुगवटा उतरला की पाणी प्रत्यक्षात खूपच खाली असतं. उपाय बॉयलरपाशी नाही, बोलण्यात आहे. डाइंगच्या मास्टरने मशीन लावण्याआधी दहा मिनिटं सांगायचं, "अण्णा, दोन नंबर लावतोय", आणि तुम्ही तोवर आग वाढवायची. दोन मशिनमध्ये वीस मिनिटांचं अंतर ठेवलं तर छोटा बॉयलरही पुरतो. हे जमत नसेल तर मालकासमोर बसून वेळा ठरवून घ्या.

पाणी दिसेनासं झालं तर

ग्लास रिकामा दिसला. आधी ग्लास मारा. ड्रेन बंद केल्यावर पाणी परत आलं तर ठीक, पंप चालवा. पाणी आलंच नाही, तर आत नेमकं किती पाणी आहे हे तुम्हाला माहीत नाही असं धरून चला.

फॅन बंद, डँपर (धुराच्या वाटेवरची झडप) बंद, इंधन बंद. विस्तव ओलसर राखेने किंवा वाळूने दाबा. ढवळून बाहेर ओढायच्या नादी लागू नका, ढवळल्याने तो काही काळ आणखी भडकतो. भट्टीत पाणी मारू नका. फीड पंप चालू करू नका: फर्नेसचा माथा उघडा पडून लाल झाला असेल तर त्यावर पडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि मऊ झालेलं पोलाद ती पेलू शकत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह उचलू नका, मेन स्टॉप झटक्यात उघडू किंवा बंद करू नका. माणसं बाजूला काढा. बॉयलर आपोआप थंड होऊ द्या. मग उघडून माथा खाली बसला आहे का, नळ्यांची टोकं आणि फ्युजिबल प्लग (पाणी उतरून माथा तापला की वितळणारा सुरक्षेचा प्लग) शाबूत आहेत का ते बघून, निरीक्षकांना दाखवल्याशिवाय पुन्हा पेटवू नका. प्लग वितळला असेल तर त्याने त्याचं काम केलं आहे. त्याजागी लोखंडी बोल्ट बसवून पाळी काढणं म्हणजे पुढच्या वेळचा शेवटचा इशारा काढून टाकणं.

वीज जाते तेव्हाही हाच धोका थोड्या सावकाश येतो. पंप थांबतो, फॅन थांबतात, पण जाळीवरचा विस्तव वाफ करतच राहतो. म्हणून वीज गेली की ग्लाससमोर जा. इंधन टाकणं थांबवा, डँपर आणि राखेचं दार बंद करा. जनरेटर चालू झाला की सर्वात आधी फीड पंप त्यावर घ्या, दिवे आणि मशिनं नंतर. वाफेवर चालणारा इंजेक्टर बसवलेला असेल तर त्याने पाणी भरा. मात्र तो महिन्यातून एकदा चालवून बघितलेला हवा, आणि त्याला थंड पाण्याची जोडणी लागते. ९० अंशांच्या टाकीतलं पाणी तो उचलत नाही.

फीड लाइनचा एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळतो का, हे पंप बंद असताना कळतं. पंपाचं आवरण टाकीपेक्षा जास्त गरम लागलं तर बॉयलरचं पाणी उलटं येतंय. अशा पंपात वाफ अडकते आणि ऐन वेळी तो नुसता फिरतो.

वार्षिक तपासणी

प्रमाणपत्र जास्तीत जास्त बारा महिन्यांचं असतं. तारीख जवळ आली की शेवटचे आठ दिवस ब्लोडाऊन थोडा वाढवा. बॉयलर आपोआप थंड होऊ द्या, २४ तास तरी. गरम असतानाच पाणी काढून टाकलं तर मऊ गाळ नळ्यांवर भाजून चिकटतो आणि मग छिन्नीने काढावा लागतो. हात लावता येईल इतकं थंड झाल्यावर पाणी काढा आणि त्याच दिवशी जोराच्या पाण्याने धुवा.

आत माणूस उतरवण्याआधी मेन स्टॉप आणि फीड लाइन सुटी करा किंवा ब्लँक (वाट बंद करणारी चकती) लावा. शेजारच्या बॉयलरची ब्लोडाऊन लाइन जोडलेली असेल तर ती नक्कीच. दोन्ही मॅनहोल उघडून हवा खेळू द्या, दिवा २४ व्होल्टचा, बाहेर एक माणूस सतत उभा. सोलापूरच्या उन्हाळ्यात आत वीस मिनिटांच्या वर कुणाला ठेवू नका.

बघायचं काय: फर्नेसच्या पाठीवरचा थर किती मिलिमीटर, नळ्यांच्या मधल्या रांगांत गाळ अडकला आहे का, फीड पाइपच्या तोंडाशी खड्डे पडलेत का, ट्यूब प्लेटवर पांढरे ओघळ आहेत का. पांढरा ओघळ म्हणजे तिथून पाणी पाझरून वाळलं आहे. थराचा तुकडा पिशवीत तारीख घालून ठेवा, पुढच्या वर्षी जाडी ताडून बघता येते. मॅनहोल आणि मडहोलची गॅस्केट दर वेळी नवीन घाला, जुनी उलटी करून लावू नका. हायड्रॉलिक टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, कामाच्या दाबाच्या वर असते. तिला आतली सगळी हवा काढून हातपंपाने हळू दाब चढवा आणि सेफ्टी व्हॉल्व्हना गॅग (उघडू न देणारी पकड) किंवा ब्लँक लावा. टेस्ट झाल्याबरोबर ते गॅग काढून, मोजून, लॉगबुकात लिहा आणि दुसऱ्या माणसाची सही घ्या.